साडूच्या झेंडूत माझा फोटो

सोलापूर जिल्ह्यातला एक यशस्वी फूल-शेतकरी म्हणून माझा फोटो काही दिवस घरोघरच्या मोबाइलवर फिरत होता, आणि मी आयुष्यात कुंडीतली तुळससुद्धा जगवलेली नाही.

तो फोटो तिथं कसा गेला, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सासुरवाडीला नाही, आणि श्रावणी सोमवारी सिद्धेश्वरासमोर डोळे मिटून उभा राहिलो तेव्हा देवालाही नाही. (त्याला ठाऊक असणारच, पण मी आपणहून विषय काढला नाही.)

मी गुरुनाथ. शुक्रवार पेठेत माझं भांड्यांचं दुकान आहे. स्वभावानं मी अबोल. गिऱ्हाईक घासाघीस करतं, मी मान हलवतो. गिऱ्हाईक रागावून पायरी उतरतं, मी मान हलवतो. ते परत येतं, मी पिशवी पुढं करतो. दुकानात खरं बोलतं ते नाव घालायचं मशीन. लग्नाचे हंडे, वास्तुशांतीची ताटं, बारशाच्या वाट्या, सगळ्यांवर 'अमक्याकडून तमक्यास सप्रेम भेट' असं त्या मशीनच्या सुईनं कोरून द्यायचं. ते सुरू झालं की शेजारच्या दुकानातला माणूससुद्धा फोन ठेवून देतो, एवढा त्याचा घर्राटा! थोडक्यात, दिवसभर मी लोकांच्या वस्तूंवर लोकांची नावं घालतो, आणि इतक्या वर्षांत चुकीच्या वस्तूवर चुकीचं नाव कधी घातलं नव्हतं. त्या पावसाळ्यापर्यंत.

परमेश्वर हा माझा साडू. म्हणजे माझी बायको महानंदा, तिची धाकटी बहीण सुवर्णा, तिचा नवरा. त्याच्यात वाईट असं काहीच नाही, आणि हीच त्याची सगळ्यात वाईट गोष्ट! तो उंच आहे. तो खळखळून हसतो. तो सासूबाईंचा मिक्सर दुरुस्त करतो. सासूबाईंचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यांना जिव्हाळा आला की कानडी येतं, आणि हा पठ्ठ्या त्यांच्याशी तासन् तास कानडीत गप्पा मारतो. मलाही कानडी येतं, पण मी कुठल्याच भाषेत बोलत नाही, त्याला काय करणार?

परमेश्वर यायच्या आधी सासूबाईंच्या वैरागच्या घरात मी एकटा जावई होतो. मी आलो की सासूबाई टीव्ही बंद करायच्या. परमेश्वर आला, आणि मी आलो तरी टीव्ही चालू राहायला लागला.

हे सगळं मी पोटात घातलं असतं. पण त्यानं वैरागजवळच्या आपल्या शेतात झेंडू आणि शेवंती लावली, आणि ती आली. नुसती आली नाही, सोलापूरच्या फूलबाजारात नावानं विचारली जाऊ लागली. मग आमच्या घरात रोज संध्याकाळी फोनवर एकच भजन सुरू झालं.

"सुवर्णा, परमेश्वरभाऊंनी कसं फुलवलंय गं! आमच्या ह्यांची मंगळवेढ्याला दोन एकर आहे की. पण ज्वारी वाट्यानं लावून द्यायची आणि हुरड्याला जाऊन बसायचं, एवढंच ह्यांना माहीत."

ज्वारीनं हिचं काय घोडं मारलं होतं, देव जाणे! पण त्या दिवसापासून ताटातली भाकरीसुद्धा मला परमेश्वरकडून टोमणा मारते आहे असं वाटायला लागलं.

त्यात अधिक महिना आला. या महिन्यात जावयाला सासुरवाडीला धोंड्याचं जेवण असतं. पुरणाचे धोंडे, अनारसे, नवे कपडे आणि जेवणाआधी औक्षण. औक्षणात मान थोरल्या जावयाचा पहिला. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण मला तो तोंडपाठ आहे.

आम्ही दोघे साडू शेजारी शेजारी पाटावर बसलो. पाटांभोवती झेंडूच्या पाकळ्यांची रांगोळी. दाराला झेंडू, देव्हाऱ्यात झेंडू, फ्रिजच्या मुठीला झेंडू. (फ्रिजला!) सासूबाईंनी तबक उचललं. माझ्याकडं बघून गोड हसल्या. मी कुंकवासाठी कपाळ पुढं केलं.

"घरात येवढी फुलं ज्यानं आणली, त्याला आज आधी ओवाळते," असं म्हणत तबक माझ्या नाकासमोरून गेलं ते थेट परमेश्वरच्या पुढ्यात!

माझं कपाळ पुढं ते पुढंच राहिलं.

"आत्या, अण्णांना आधी," परमेश्वर माझ्याकडं बोट दाखवत त्यांना म्हणाला. (बघा! चांगुलपणा बघा!)

"सिट्ट माडकोब्याडरी जावईबापू," सासूबाई मला म्हणाल्या. म्हणजे रागावू नका.

मी? छे! मी कशाला रागावतोय? मी मान हलवली. फक्त त्या दिवशी धोंडे घशाखाली उतरेनात. पाच खाल्ले, सहाव्याला नाही म्हणालो. घरातले सगळे चिंतेत पडले.

जेवणानंतर सगळा लवाजमा शेत बघायला निघाला. शेत बघून मला जे झालं त्याला डॉक्टरकडं औषध नाही. कमरेइतका झेंडू, पिवळा आणि केशरी, बांधापर्यंत पसरलेला. आणि मधोमध एक बुजगावणं. डोक्याला मडकं, मडक्याला टॉवेल, आणि अंगात सफारी सूट. तो सफारी मी ओळखला. माझ्या लग्नाच्या रिसेप्शनचा होता! महानंदानं जुने कपडे बहिणीकडं पाठवले होते, हे मला ठाऊक होतं. ते कुणाच्या अंगावर चढणार, हे मी विचारलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर सफारी त्याला माझ्यापेक्षा चांगला बसला होता.

"अण्णा, हुबं ऱ्हावा की तितं, फोटो काडतो तुमचा," परमेश्वर म्हणाला. "जरा हसा की ओ! फुलं हसत्यात आन् तुमी न्हाय!"

मी बुजगावण्याशेजारी उभा राहिलो आणि हसलो. परमेश्वरनं फोटो काढला, मला पाठवला, आणि हौसेनं स्वतःच्या स्टेटसलाही टाकला: 'आमचे थोरले साडू शेतावर.' मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "अण्णा, येक इचारायचं हुतं. ह्यो बघा, आनलाइन कोर्स हाय फुलशेतीचा. शेवंतीच्या त्या खालच्या तुकड्यात दरसाल झाडं माना टाकत्यात. का, ते कुनी सांगंना. हे कोर्सवाले सांगत्यात म्हनं. फी भरू का नको? तुमी शिकलेलं मानूस. तुमी म्हनाल तसं."

इथं मी थांबतो आणि तुम्हाला विनंती करतो की माझ्याबद्दल वाईट मत अजून बनवू नका. अजून बरंच पुढं आहे.

माझ्या डोळ्यांपुढं एकदम पुढचा अधिक महिना आला. शेवंतीही फुलली आहे. फ्रिजला झेंडू आणि मिक्सरला शेवंती. तबक पुन्हा माझ्या नाकासमोरून चाललं आहे.

"फसवे असतात सगळे," मी म्हणालो. त्या दिवसातलं माझं सगळ्यात मोठं वाक्य! "एक पैसा भरू नका."

"व्हय? मग ऱ्हायलं," परमेश्वर म्हणाला आणि त्यानं फोन खिशात टाकला. इतक्या सहज! माझ्यावर एवढा विश्वास माझ्या बायकोनंही कधी ठेवलेला नाही.

परतीच्या एस.टी.त महानंदा खिडकीला डोकं टेकून झोपली, आणि मी मोबाइलवर तोच कोर्स शोधून काढला.

रविवारी फुकट सत्र होतं. मी शटर अर्धं खाली ओढून, हंड्यांच्या मागं बसून ते ऐकलं. पडद्यावर एक सर होते. अंगात कोट, आणि मागं ट्यूलिपचं रान. आता सोलापूरच्या उन्हात ट्यूलिप म्हणजे दुपारपर्यंत त्याची भाजी होणार! पण सरांच्या बोलण्यात गोडवा होता. "शेतकरी राजा, फुलांसारखं आयुष्य जगायचंय का? ज्यांना जगायचंय त्यांनी खाली 'हो' लिहा!" मी 'हो' लिहिलं. "अजून जोरात!" सर म्हणाले. मी पुन्हा 'हो' लिहिलं आणि पुढं तीन उद्गारचिन्हं दिली. शेवटी सरांनी फी सांगितली. मी फोन पालथा घातला.

मग सुरू झाली घालमेल. फी भरावी, तर घरातले मोबाइलवरचे व्यवहार महानंदा बघते. तिला कळलं की सुवर्णाला कळणार, सुवर्णाला कळलं की परमेश्वरला, आणि त्याला तर मी 'एक पैसा भरू नका' म्हणून बसलो होतो! बरं, न भरावी, तर परमेश्वर पुढं तो पुढंच. सकाळी दुकान उघडताना मी फी भरायचं ठरवायचो, दुपारी डबा खाताना रद्द करायचो, आणि संध्याकाळी महानंदाचा सुवर्णाला फोन सुरू झाला की पुन्हा ठरवायचो.

त्यात कोर्सच्या एक मॅडम रोज फोन करायच्या. "सर, तुमची सीट मी धरून ठेवलीय. घेताय ना?" मी मान हलवायचो. फोनवर मान हलवलेली दिसत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

गुरुवारी त्या कंटाळल्या असाव्यात. म्हणाल्या, "सर, तुमची स्वतःची फुलशेती आहे का? आपल्या सत्राचा फायदा झालेल्या शेतकऱ्याचा फोटो आला, तर त्यांना आम्ही कोर्स मोफत देतो."

मोफत! म्हणजे व्यवहार नाही, महानंदा नाही, सुवर्णा नाही! माझं बोट माझ्या आधी धावलं. फोटो गेलासुद्धा. खोटं असं मी काही लिहिलं नाही. (बरं, चार शब्द लिहिले. 'माझं शेत. आपली कृपा.')

रविवारी ऐकलेलं सत्र गुरुवारपर्यंत कमरेइतकं उंच होऊन फुललं होतं, पण सरांना त्याचं जराही आश्चर्य वाटलं नाही. तासाभरात कोर्स माझ्या मोबाइलवर उघडला. जन्मभर दुसऱ्यांच्या भांड्यांवर त्यांची नावं घालणाऱ्या माणसानं दुसऱ्याच्या शेतावर स्वतःचं नाव घातलं, आणि मशीनचा आवाजसुद्धा झाला नाही.

आवाज पुढच्या आठवड्यात झाला. मी जेवायला बसलो होतो, आणि महानंदा एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात उलथनं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अहो, हे तुम्ही का?"

पडद्यावर मी होतो. झेंडूत उभा, दात दाखवत. वर मोठ्या अक्षरात: 'सोलापूरच्या दोन भावांनी माळावर फुलवलं सोनं!'

दोन भाऊ! बुजगावण्याला त्यांनी माझा भाऊ केला होता! मडक्यावर थोडा उजेड मारला होता, त्यामुळं तो माझ्यापेक्षा तजेलदार दिसत होता.

"मी? छे," मी म्हणालो. "माझ्यासारखा दिसणारा कुणीतरी असेल."

"अय्या, असं कसं? हा तुमचा रिसेप्शनचा सफारी की ओ! खिशावरचा वरणाचा डाग दिसालाय बघा! हे परमेश्वरभाऊंचं शेत आहे!"

वीस वर्षांपूर्वी वाढप्यानं सांडलेल्या वरणानं मला असं गाठलं. मी घास तोंडात कोंबला आणि चावत राहिलो. तोंड भरलेलं असलं की माणसाला उत्तर द्यावं लागत नाही. पण घास तरी किती वेळ पुरणार? मी तो गिळला आणि सगळं सांगून टाकायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात महानंदानं वैरागला फोन लावला, आणि स्पीकरवर परमेश्वरचा आवाज घरभर घुमला.

"अण्णा! मी बघितलं! तुमी म्हनला हुता का न्हाय, फसवे हायेत म्हून? आन् बघा, तुमचाच फोटो चोरला की भाड्यांनी! काय नजर हाय ओ तुमची! मी फी भरनार हुतो, तुमी वाचिवलं!"

मी उघडलेलं तोंड मिटलं.

काय सांगू तुम्हाला? मी परमेश्वरला खोटं सांगितलं होतं, आणि माझ्याच चोरीनं ते खरं करून दाखवलं होतं! दोन दिवसांत मी सासुरवाडीचा शहाणा माणूस झालो. सासूबाईंनी फोनवर दहा मिनिटं कानडीत माझ्या दूरदृष्टीचं कौतुक केलं. मागं टीव्हीचा आवाज येत नव्हता.

पेठेत मात्र उलट वारं. "काय गुरुनाथशेठ, हंड्यात माती भरून झेंडू लावला काय बे?" एकानं हाक मारली. शेजारच्या चादरवाल्यानं विचारलं, "तुमचा भाऊ कुठं असतो हो? कधी बघितला नाही!" मी म्हणालो, "शेतावरच असतो." हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

एवढ्यावर भागलं असतं, पण परमेश्वर चांगला माणूस आहे, आणि चांगली माणसं गोष्ट अर्धवट सोडत नाहीत. एका दुपारी तो वैरागहून थेट दुकानात हजर. मी मशीनवर एका गिऱ्हाईकाचा स्टीलचा डबा घेऊन बसलो होतो; त्यावर आहेराचं नाव घालायचं होतं. महानंदा माझं जेवण घेऊन आली होती.

"अण्णा, नंबर काडलाय त्यांचा," परमेश्वर बाह्या सरसावत म्हणाला. "माज्या अण्णांच्या अब्रूचा प्रश्न हाय. आज सोडत न्हाय!"

"जाऊ दे," मी म्हणालो.

"तुमी लई साधं मानूस. गप बसा तुमी!"

त्यानं फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि काउंटरवर, पराती आणि पातेल्यांच्या मध्ये ठेवला.

"नमस्कार शेतकरी राजा!" तोच आवाज. माझी सीट धरून ठेवणाऱ्या मॅडम!

"राजा-बिजा ऱ्हाऊ द्या. त्यो झेंडूतला फोटो कुनाला इचारून छापला?"

"कुठला, सर? अच्छा, सोलापूरचे दोन भाऊ? सर, तो फोटो तर आम्हाला..."

घर्रर्रर्रर्र!

मी मशीन सुरू केलं होतं.

"अण्णा, जरा बंद करा की!" परमेश्वर ओरडला. मी कानाकडं बोट दाखवून काही ऐकू येत नाही अशी खूण केली आणि सुई डब्यावर दाबली. फोनमधून मॅडम बोलत होत्या, परमेश्वर बोलत होता, महानंदा बोलत होती, आणि या सगळ्यांच्या वरून माझा डबा बोलत होता. मी कोरत सुटलो. काय कोरतोय, बघत नव्हतो. माझं सगळं लक्ष फोनच्या पडद्यावरच्या उजेडावर होतं. तो विझला, तेव्हा मी सुई उचलली.

"ठेवला तिनं," परमेश्वर म्हणाला. "काय म्हनत हुती? मला काय बी कळलं न्हाय."

"माफी मागत होत्या," मी म्हणालो. "फोटो काढून टाकतो म्हणाल्या."

"बगा! दम दिला की सरळ हुत्यात!"

महानंदा डब्याकडं बघत होती. मीही बघितलं. गिऱ्हाईकाच्या आहेराच्या डब्यावर, झाकणापासून बुडापर्यंत, वळणदार अक्षरात एकच नाव पुन्हा पुन्हा कोरलेलं होतं. गुरुनाथ, गुरुनाथ, गुरुनाथ. सवयीचा हात, घाबरला की मालकाचंच नाव काढतो!

"मशीन बरं ऐन वेळेला सुरू झालं ओ तुमचं," महानंदा एवढंच म्हणाली. तिला काय कळलं आणि काय नाही, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही. तो डबा मला ठेवून घ्यावा लागला. आमच्या घरी त्यात शेंगाचटणी असते. रोज ताटावर बसलं की समोर माझंच नाव.

त्याच दिवशी परमेश्वर गेल्यावर मी मॅडमना गुपचूप निरोप पाठवला की जाहिरातीतला माझा फोटो काढून टाका. "सर, तुमची जाहिरात खूप चालतेय," त्या हळहळल्या. पण काढला. घरी श्रेय परमेश्वरच्या दमाला गेलं. चला, निदान ते तरी त्याच्या नावावर जमा झालं.

आता राहिला कोर्स. तो माझ्याकडं होता, फुकट, आणि मी तो हंड्यांमागं बसून बघत होतो. सर कोट घालत असले, तरी कोर्स खोटा नव्हता, हे मला कबूल करायला हवं. एका धड्यात तर सरळ परमेश्वरचा खालचा तुकडाच समोर आला! सखल जागेत पाणी साचतं, शेवंतीची मुळं कुजतात, झाडं माना टाकतात. चर काढून पाणी बाहेर लावा, पाणी कमी द्या, कुजलेली झाडं उपटून लांब न्या, पुढच्या वेळी उंच गादीवाफ्यावर लावा. परमेश्वर वर्षानुवर्षं जे विचारत फिरत होता ते सगळं माझ्या हातातल्या चौकोनात होतं, आणि त्याला ते मिळू नये अशी व्यवस्था मीच केली होती.

मी धडा बंद केला. पुन्हा उघडला. त्या संध्याकाळी सुवर्णाचा फोन होता. पाऊस झाला होता आणि झाडं पुन्हा माना टाकायला लागली होती. "ह्यांचं जेवणात लक्ष नाही गं," ती स्पीकरवर महानंदाला सांगत होती.

आणि काय सांगू, मला आधी बरं वाटलं. अगदी क्षणभर. परमेश्वरच्याही घशाखाली घास उतरत नाही, हे ऐकून बरं वाटलं. मग समोरच्या डब्यावर गुरुनाथ, गुरुनाथ, गुरुनाथ दिसलं, आणि मी महानंदाच्या हातातून फोन घेतला. मी आपणहून फोन घेतला म्हणून ती बिचारी घाबरली.

सुवर्णाला सांगून फोन तिच्या नवऱ्याकडं देववला. "परमेश्वरराव," मी म्हणालो, आणि धडा सगळा सांगितला. चर, पाणी, गादीवाफा, सगळं.

तिकडून परमेश्वरनं विचारलं, "अण्णा, हे तुमाला कुनी सांगितलं?"

खरं बोलायला इतकी सोपी जागा मला आयुष्यात कुणी दिली नसेल. मी खोल श्वास घेतला.

"एक गिऱ्हाईक आलं होतं," मी म्हणालो. "मोहोळकडचं. पातेलं न्यायला."

परमेश्वरनं दुसऱ्या दिवशी चर खोदले. खालचा तुकडा सगळा नाही, पण बराच वाचला. दसऱ्याला त्यानं माझ्या दुकानावर दोन मोठ्या टोपल्या भरून फुलं पाठवली. एक मला. दुसरीवर चिठ्ठी: 'मोहोळच्या पाव्हण्यांना द्यावी.' मोहोळचे पाव्हणे मी जन्माला घातले होते, त्यांचा पत्ता कुठून आणू? शेवटी दोन्ही टोपल्यांच्या माळा माझ्याच दुकानाला लागल्या. पेठेतलं सगळ्यात भरगच्च दुकान! येणारं-जाणारं विचारत होतं, "तुमच्याच शेतातली का हो, गुरुनाथशेठ?" मी मान हलवत होतो. माझी मान ही अशी सोयीची आहे, हो की नाही ते बघणाऱ्यानं ठरवायचं.

संध्याकाळी सोनं द्यायला वैरागला गेलो. मी उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि सासूबाईंनी टीव्ही बंद केला. आतून तबक आलं. "बर्री, कूडरी, या, बसा जावईबापू. घरातल्या शहाण्या माणसाला आधी," असं म्हणून त्यांनी मला ओवाळलं. आधी! परमेश्वरच्या आधी! ज्याच्यासाठी एवढं सगळं केलं तो मान मिळाला. गळ्यात परमेश्वरच्या शेवंतीचा हार होता. पाकळ्या मानेला टोचत होत्या की काय कोण जाणे, मला काही नीट बसवेना.

जेवणं झाल्यावर परमेश्वरनं मला अंगणात बोलावलं. हातात आपट्याचं पान होतं. मी म्हटलं, ह्याला सगळं कळलं. आता विचारणार. मला भीती वाटली, आणि खोटं कशाला सांगू, थोडं हलकंही वाटलं.

तो वाकून माझ्या पाया पडला.

"अण्णा, मनात लई दिस हाय. चूक माजी हाय. त्यो फोटो मीच स्टेटसला टाकला, तितनं त्यांनी चोरला. पेठेत तुमची चेष्टा झाली, ती माज्यापायी. माफ करा मला."

अंगणात खरं बोलायला मला पुन्हा आयती जागा मिळाली होती. त्याचे हात जोडलेले होते. माझ्या ओठांवर वाक्य होतं. मी तोंड उघडलं.

"असू दे," मी म्हणालो. "होतं असं."

मी त्याला माफ केलं! मोठ्या मनानं! वर पाठीवर हातसुद्धा फिरवला!

परमेश्वर डोळे पुसून हसला आणि बॅटरीच्या उजेडात मला शेतातली फुलं दाखवायला घेऊन गेला. झेंडूच्या मधोमध सफारीतला माझा भाऊ उभा होता. त्या शेतात आम्हा दोघांपैकी राखणीला कोण होतं आणि चोरायला कोण, हे निदान त्याला तरी माहीत होतं. तोही काही बोलला नाही. आमच्या घराण्यात कुणी बोलतच नाही.

परमेश्वरनं त्या दिवशी मागितलेली माफी अजून माझ्याकडंच आहे. ती माझी नाही. मी त्याच्याकडून नेलेल्या वस्तूंत ती सगळ्यात मोठी आहे, आणि ती त्याला वैरागला जाऊन परत द्यायची राहिली आहे.